फुकटाचा हिशेब

गुरुग्रामचा सेक्टर ३२ हा काही मुद्दाम बघायला जावा असा भाग नाही. संस्थांना दिलेले भूखंड, काचेच्या दर्शनी भिंती, फाटकावर सुरक्षारक्षक, फुटपाथच्या जागी लावलेल्या गाड्या आणि दुपारच्या वेळी छोले-कुल्चेवाल्याभोवती जमलेली ओळखपत्रं गळ्यात घातलेली गर्दी. पण घरी बसून वेबसाइट बनवायला शिकणाऱ्याच्या खिशाचं काय काय झालं हे सांगायचं, तर इथूनच सुरुवात करणं बरं. या एकाच सेक्टरात दोन पत्ते आहेत. एक एनआयआयटीचा. दुसरा सायबर हाउसचा, म्हणजे ‘डेटाक्वेस्ट’ आणि ‘पीसीक्वेस्ट’ काढणाऱ्या सायबरमीडियाचा. पहिल्याने फी भरून संगणक शिकण्याची सवय देशाला लावली. दुसऱ्याच्या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली.

एनआयआयटी १९८१ ची. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या तिघांनी दहा लाख रुपयांच्या भांडवलावर ती उभी केली, आणि फ्रँचायझीच्या वाटेने ती पुढे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही बऱ्याच शहरांत एका इमारतीत एनआयआयटी आणि जवळपासच कुठेतरी ॲप्टेक असायचं. त्या फीला तेव्हा अर्थ होता. घरात संगणक नव्हता, आणि असला तरी त्यावरचं सॉफ्टवेअर विकत घेण्याची कुणाची ऐपत नव्हती. फी भरली की वातानुकूलित खोलीतल्या यंत्रासमोर ठरावीक तास मिळत, आणि अडलं तर मागून वाकून पडद्याकडे बघणारा एक माणूस मिळे. या माणसाची किंमत पावतीवर कधी वेगळी लिहिलेली नसे. ती फीमध्येच धरलेली होती, त्यामुळे ती नेमकी किती हे कुणालाच कळलं नाही.

ज्यांना फी झेपत नसे, ते दक्षिण दिल्लीतल्या नेहरू प्लेसला जात. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड डोळ्यांसमोर आणावा. चोरून छापलेल्या सीडीवर फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर, फोटोशॉप असं सगळं एका जेवणाच्या पैशांत मिळायचं. त्यात नैतिक प्रश्न होताच, पण शिकण्याच्या बाजूने त्याहून मोठं नुकसान दुसरंच झालं. मुलं वेब शिकली नाहीत, ड्रीमवीव्हरची बटणं शिकली. पुढे २०१३ मध्ये ड्रीमवीव्हरच्या मालक अडोबीने पेटीतलं सॉफ्टवेअर बंद करून महिन्याच्या भाड्याची पद्धत आणली, तेव्हा ही बटणं पाठ असलेल्यांची पंचाईत झाली. त्याच अडोबीचं मोठं विकासकेंद्र यमुनेपलीकडे नोएडात आहे, हा राजधानी परिसराचा आणखी एक विनोद.

सायबर हाउसच्या गोष्टीत मात्र एक मराठी नाव येतं. अतुल चिटणीस. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला. अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावात. पुढची कारकीर्द बंगळुरूत. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘पीसीक्वेस्ट’मधून त्यांनी लिनक्सचा आग्रह धरला आणि मासिकाच्या सीडीवरून लिनक्स देशभर जाऊ लागलं. तो डायल-अपचा काळ होता. एवढी मोठी प्रणाली टेलिफोनच्या तारेवरून उतरवून घेणं म्हणजे महिन्याचं बिल एका रात्रीत उडवणं. त्यामुळे कायद्याने फुकट असलेली गोष्ट प्रत्यक्षात फुकट होण्यासाठी कुणीतरी ती पाकिटात घालून पोस्टाने पाठवायला हवी होती. मासिकाने तेच केलं. बंगळुरूला २००१ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखलं गेलेलं मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलनही चिटणीसांनीच उभं केलं. २०१३ मध्ये ते गेले. दिवाळी अंकांतून आपण मराठी माणसाच्या उद्योगाबद्दल पानंच्या पानं लिहितो, त्यांत हे नाव क्वचित दिसतं.

आता आजची परिस्थिती. वेबचं तंत्र १९९३ च्या ३० एप्रिलला सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने सर्वांसाठी खुलं केलं, कुणालाही परवाना शुल्क न लावता. त्या एका कागदामुळे पुढचं सगळं शक्य झालं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषा ब्राउझर थेट वाचतो. मध्ये कुठलं विकतचं यंत्र लागत नाही. साध्या नोटपॅडमध्ये दहा ओळी लिहून, फाइलच्या नावाला शेवटी एचटीएमएल जोडून, तिच्यावर दोनदा क्लिक केलं की पान उघडतं. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ आलं आणि चालू पानाचं पोट उघडून बघण्याची सोय झाली. आज ती सोय प्रत्येक ब्राउझरात अंगभूत आहे. एफ-बारा दाबा, कुठल्याही बड्या कंपनीच्या पानाचा रंग बदला, मथळा बदला. पान ताजं केलं की सगळं पूर्ववत. शिकण्याचं इतकं स्वस्त आणि निर्धोक साधन दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल.

लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं व्हीएस कोड २०१५ पासून फुकट आहे आणि जगभरचे व्यावसायिक तेच वापरतात. शिकाऊंचं वेगळं आणि कसलेल्यांचं वेगळं, असा भेद उरलेला नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायला गिट आहे, २००५ चं, लिनस टॉरवाल्ड्सने लिहिलेलं. ते काम ठेवायला गिटहब, आणि त्याच गिटहबवर आपलं पान जगाला दाखवायची सोयही विनामूल्य. पूर्वी पैसे मोजून घ्यावं लागणारं वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत झालं. सर्व्हरच्या बाजूचं शिकायचं तर पीएचपी आणि मारियाडीबी एकत्र बांधलेलं झँप आहे, किंवा नोड. चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप. मजकुराच्या अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. संदर्भाला मोझिलाचं एमडीएन, सरावाला २०१४ मध्ये सुरू झालेलं फ्रीकोडकॅम्प.

बेरीज केली तर बिल शून्य येतं. कायदेशीर शून्य, नेहरू प्लेसचं नव्हे.

मग गुरुग्रामात एवढे क्लास का चालतात? कोडिंग निंजाज हे नाव याच शहरातून मोठं झालं. बूटकॅम्प, ॲकॅडमी, ‘नोकरी लागल्यावर फी द्या’ असे करार हे सगळं या शहराच्या मेट्रोतल्या जाहिरातींत आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सतत फिरत असतं. सॉफ्टवेअर फुकट झालं की शिकणं फुकट होईल, अशी माझीही बरीच वर्षं समजूत होती. तसं होत नाही. खर्च नाहीसा न होता जागा बदलतो. तो कुठे कुठे जाऊन बसलाय ते पाहिलं पाहिजे.

पहिली जागा यंत्राची. व्हीएस कोड चालायला एक जीबी रॅम पुरते असं त्याची अधिकृत माहिती सांगते. ते खरं आहे आणि फसवंही आहे. व्हीएस कोड ज्या पायावर उभं आहे तो इलेक्ट्रॉन म्हणजे पोटात एक अख्खा क्रोम. शेजारी खरा क्रोम उघडायचा, त्यात एका खिडकीत आपलं पान, दुसरीत धडा, तिसरीत व्हिडिओ. चार जीबीचं यंत्र इथेच धापा टाकतं. मग शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही. प्रत्यक्षात जमत नसतं ते यंत्राला. त्याला जीनी किंवा विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस द्यावं. दोन्ही फुकट, दोन्ही हलकी, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यापलीकडचं काही लागत नाही.

यंत्राच्या बाबतीत हे शहर एका विचित्र अर्थाने सोयीचं आहे. सायबर सिटी आणि उद्योग विहारातल्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने घाऊक विकतात. ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक साफसफाई होऊन नेहरू प्लेसच्या दुकानांत येतात. ज्या इमारतीत आपल्याला आत सोडत नाहीत, तिथला लॅपटॉप पंधरा-वीस हजारांच्या आसपास आपल्या मांडीवर येतो. हे कंपन्यांसाठी बांधलेले असल्यामुळे उघडायला सोपे आणि दणकट. खरेदी करताना प्रोसेसरच्या नावाला भुलण्यापेक्षा एसएसडी आहे का आणि रॅम आठ जीबी आहे का एवढं बघावं. चकचकीत पण चार जीबीवाल्या नव्या लॅपटॉपपेक्षा कळकट दिसणारा आठ जीबीचा जुना बरा. एक मात्र, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव सगळीकडेच चढले, तेव्हा ‘नंतर वाढवू’ म्हणून विसंबू नये.

जुन्या यंत्राची आणखी एक अडचण: १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षाचिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी असंख्य यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. वेब शिकणाऱ्याला त्याचं सुतक पाळायचं कारण नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू पेनड्राइव्हवर घ्यावं आणि चढवावं. जगातल्या बहुतेक वेबसाइट ज्या सर्व्हरवर राहतात ते लिनक्सच चालवतात, त्यामुळे घरचा लॅपटॉप आणि कामाची जागा यांची भाषा एक होते. चिटणीसांच्या काळात हे पटवून द्यायला सीडी आणि लेखमाला लागली. आता जुन्या लॅपटॉपची अडचणच ते काम करते.

दुसरी जागा विजेची, आणि ती फक्त इथल्या माणसाला कळते. उंच सोसायट्यांत वीज गेली की जनरेटर गुरगुरतो आणि दिवा मिणमिणायच्या आत परत लागतो. पण डुंडाहेडा, नाथूपूर, चक्करपूर ही मूळची गावं, ज्यांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं आणि ज्यांच्या चार-पाच मजली भाड्याच्या खोल्यांत या शहराचे सुरक्षारक्षक, डिलिव्हरीवाले, कॉल सेंटरची मुलं राहतात, तिथे उन्हाळ्यात वीज गेली की गेली. हिवाळ्यात हवा बिघडली की प्रदूषण रोखण्यासाठीच्या ‘ग्रॅप’ योजनेचे निर्बंध लागतात आणि डिझेल जनरेटरांवरही गदा येते. म्हणून इथे शिकायचं तर डेस्कटॉप स्वस्त असूनही घेऊ नये. जुन्या लॅपटॉपचा पहिला खर्च म्हणजे नवी बॅटरी. आणि धडे, संदर्भ आधीच उतरवून ठेवावेत. एमडीएनचं सारं लिखाण गिटहबवरून आपल्या यंत्रावर आणता येतं.

मोबाइलवर शिकता येतं का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एकोड नावाचा खुला एडिटर अँड्रॉइडवर चालतो, टर्मक्समध्ये नोडही चालतं. हरियाणा सरकारने मे २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या मुलांना टॅबलेट वाटायला सुरुवात केली, उद्दिष्ट सुमारे पाच लाखांचं, सोबत रोजचा मोफत डेटा. तेव्हा पडदा बऱ्याच घरांत पोचला आहे. पण अंगठ्यांनी कोड लिहिणं म्हणजे हालच. त्याला स्वस्तातला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला, तर एचटीएमएल आणि सीएसएसचे पहिले महिने निघतात. त्यापुढे लॅपटॉप लागतोच.

तिसरी जागा भाषेची. एमडीएन मराठीत नाही, हिंदीतही नाही. ही पोकळी यूट्यूबने भरली, आणि तीही हिंदीने. ‘कोड विथ हॅरी’, ‘चाय और कोड’ ही नावं गुरुग्रामात शिकणाऱ्या कुणालाही विचारा. मराठी मुलगा इथे आला की पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलता बोलता जी हिंदी शिकतो, तीच त्याला लूप आणि फंक्शन समजायला उपयोगी पडते. मराठीत काहीच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प दहा-दहा मिनिटांच्या धड्यांतून लिनक्स, पीएचपी-मायएसक्यूएल, इंकस्केप शिकवतो आणि त्यांतले अनेक धडे मराठी आवाजात आहेत. पडद्यावर इंग्रजी, कानात मराठी. मांडणी जुनी वाटते, काही आवृत्त्या मागे पडल्या आहेत. पण धडा थांबवून शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं, अशी त्याची शिस्त आहे. चार-चार तासांच्या व्हिडिओंसमोर नुसतं बसून राहणाऱ्यांना ती नाही.

भाषेचा दुसरा अनुभव आपल्या पानावर येतो. मराठी मजकुराचं पहिलं पान उघडलं आणि अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हांची रांग आली, की अनेकांचा धीर सुटतो. पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८ जाहीर करणारी एक छोटी ओळ राहिलेली असते, बस. त्याच्या जोडीला पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली, तर पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या अंधांच्या सॉफ्टवेअरला मराठी उच्चार निवडता येतो. इंग्रजी धड्यांत या गोष्टी कोपऱ्यात असतात, कारण इंग्रजीचं त्यावाचून अडत नाही. आपलं पहिल्या दिवशी अडतं.

आता सगळ्यात महाग जागा. मागून वाकून बघणारा माणूस.

दिल्लीच्या कालकाजीतल्या एनआयआयटीच्या कचेरीच्या भिंतीला १९९९ मध्ये भगदाड पाडून संशोधक सुगत मित्रा यांनी शेजारच्या वस्तीसाठी संगणक बसवला. मुलं कुणी न शिकवता तो चालवायला शिकली. या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली, २०१३ मध्ये मित्रा यांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. त्यावरून सांगितलं जातं की शिक्षकाची गरज नाही. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या भिंतीसमोर एकटं मूल कधी नव्हतं. एक माउस धरे, चार जण ओरडून सांगत. डुंडाहेड्याच्या खोलीत रात्रपाळीहून येऊन लॅपटॉप उघडणाऱ्याजवळ ओरडणारं कुणी नसतं. सोहना रोडच्या चोविसाव्या मजल्यावर, नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्यातली नोकरी सोडून आलेली बाईही त्याच अडचणीत असते, तिची वीज जात नसली तरी. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस राहिलेला असतो आणि त्यापायी तीन दिवस जातात. क्लासवाले सॉफ्टवेअर विकत नाहीत, अभ्यासक्रमही विकत नाहीत, तो तर सगळीकडे पडलेला आहे. ते हे तीन दिवस वाचवून देण्याचं वचन विकतात. वचन पाळणारे आहेत, न पाळणारेही आहेत.

भीती विकणारे मात्र वेगळे. मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेली आणि २०२० मध्ये बायजूजने तीस कोटी डॉलरना घेतलेली व्हाइटहॅट ज्युनियर आठवते? तिच्या जाहिरातीतला वुल्फ गुप्ता हा मुलगा अस्तित्वातच नव्हता, आणि त्याचं पॅकेज जाहिरातीगणिक बदलत असे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेच्या आक्षेपांनंतर काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. सहा वर्षांच्या पोराला कोडिंग न शिकवलं तर ते मागे पडेल, ही धास्ती तेव्हा गुरुग्रामच्या सोसायट्यांत आणि ठाण्याच्या कॉम्प्लेक्सांत सारखीच पसरली होती.

अडलेला कंस दाखवायला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने, जिचं नोंदणीकृत कार्यालय इथेच उद्योग विहारात आहे, आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची एरवी वर्षाला सतरा हजारांची सेवा एका वर्षासाठी मोफत देऊ केली. नंतर इतर कंपन्यांनीही अशीच वर्षभराची खिरापत वाटली. मध्यरात्री प्रश्न विचारायला कुणीतरी मिळालं, हे खरोखर मोठं आहे. पण तिच्याकडे अख्खं पान मागितलं की ती क्षणात देते आणि शिकणं तिथेच संपतं. माझा सल्ला विचाराल तर पहिले तीन महिने तिच्याकडे कोड मागूच नये. आपला कोड दाखवून फक्त चूक विचारावी.

शिवाय फुकटाला मुदत असते. अडोबीचा ब्रॅकेट्स एडिटर २०२१ मध्ये बंद झाला. गिटहबचा ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळला गेला, कारण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलरना घेतलं आणि एकाच घरात दोन एडिटर झाले. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकट जागा काढून घेतली आणि जगभरच्या शिकाऊंचे प्रकल्प एका रात्रीत अंधारात गेले. ग्लिचने जुलै २०२५ मध्ये तेच केलं. दान देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो, हे धरूनच चालावं. आपली एचटीएमएलची फाइल आपल्या डिस्कवर असली, तर एडिटर कुठलाही मरो, ती उघडते. १९९१ मध्ये जाहीर झालेलं जगातलं पहिलं वेबपान आजच्या ब्राउझरात उघडतं, त्याचं कारण तेच: ते साधं मजकुराचं पान आहे.

माणूस मात्र अजून माणसांतच मिळतो. प्रोग्रॅमरांचे पायडेल्हीसारखे गट दिल्ली परिसरात वर्षानुवर्षं भेटी भरवत आले आहेत. कुठल्या तरी कंपनीने शनिवारी सभागृह दिलेलं असतं, चहा-समोसे असतात, प्रवेश बहुतेकदा मोफत. अशा भेटी बऱ्याचदा गुरुग्रामच्या त्याच काचेच्या इमारतींत होतात, आणि त्या दिवशी फाटकावरचा रक्षक नाव यादीत बघून आत सोडतो. तिथे भाषणं ऐकण्यापेक्षा चहाच्या वेळी लॅपटॉप उघडून ‘हे का चालत नाही?’ विचारणं जास्त उपयोगाचं. लाज वाटते खरी. तिथल्या बऱ्याच जणांनी तशीच विचारून सुरुवात केलेली असते.

आणि स्वतःच्या नावाचा पत्ता? तो सगळ्यात शेवटी घ्यावा. गिटहबवरचं फुकटचं घर नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पुरतं. पुढे डॉट इन घेतलं तर वर्षाला काहीशे रुपये, आणि हवं तर २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, ज्याची नोंदणी दिल्लीतली निक्सी ही संस्था सांभाळते. विकणारे पहिल्या वर्षाला भरघोस सूट देतात. दुसऱ्या वर्षाचा दर त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत असतो.